वरचा पापुद्रा : फर्निचर आणि ओट्यावर चिकटवायच्या कागदाचा इतिहास

आजच्या विषयाचं नाव जाहीर झालं तेव्हा एक-दोघांनी मला थेट विचारलं, की मॅडम, इतिहासाच्या व्याख्यानात हे काय भलतंच? लढाई नाही, तह नाही, वंशावळ नाही. स्वयंपाकाच्या ओट्यावर चिकटवायचा प्लास्टिकचा कागद? तर हो, तोच. संगमरवरासारखा दिसणारा, सागवानासारखा दिसणारा, गुंडाळीत मिळणारा. मागचा पांढरा कागद सोलायचा आणि जुन्या टेबलावर, कपाटाच्या दारावर, ओट्यावर लावून टाकायचा. दुकानदार त्याला 'स्टिकर शीट' म्हणतात, 'मार्बल शीट' म्हणतात, काही जण तर ओट्यावरच्यालासुद्धा 'वॉलपेपर'च म्हणतात. आपण आज सोयीसाठी 'शीट' म्हणू.

यात इतिहास कुठे आहे? माझ्या मते तो या प्रश्नात आहे : घरातली वस्तू बदलायची ऐपत नाही, किंवा बदलायचा अधिकारच नाही, तेव्हा माणूस तिचा वरचा थर बदलतो. हे कोण करू शकत होतं? कुणाच्या परवानगीनं? आणि केलेलं पुन्हा काढता येत होतं का? हा शेवटचा प्रश्न लक्षात ठेवा, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्याभोवती फिरणार आहे.

सुरुवात लांबून करावी लागेल. चांगलं लाकूड नसलेल्या देशातून, म्हणजे प्राचीन इजिप्तमधून. तिथे देवदार लेबनॉनहून यायचा, शिसवीसारखं काळं लाकूड, म्हणजे एबनी, दक्षिणेकडून यायचं. इतक्या लांबून आणलेल्या लाकडाची अख्खी पेटी कोण करणार? म्हणून साध्या लाकडाची पेटी करायची आणि वर एबनीचे, हस्तिदंताचे पातळ काप बसवायचे. तुतनखामेनच्या थडग्यात १९२२ साली जे सामान सापडलं, त्यात अशा कामाचे उत्तम नमुने आहेत. म्हणजे राजासुद्धा वरच्या थरावर भागवत होता! (हशा) अर्थात, त्याचा थर आपल्याला परवडणारा नव्हता.

रोममध्ये मात्र या प्रकाराला पहिल्यांदा शिव्या बसलेल्या दिसतात. थोरला प्लिनी, जो इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला, त्यानं निसर्गाविषयीच्या आपल्या प्रचंड ग्रंथात झाडांबद्दल लिहिताना मध्येच चिडून याचा समाचार घेतला आहे. त्याचा सूर साधारण असा : एका झाडाला दुसऱ्या झाडाची साल नेसवायची, स्वस्त लाकूड महागाच्या आत लपवायचं, आणि एकच झाड अनेकदा विकता यावं म्हणून त्याचे पातळ काप काढायचे. त्याच्या मते यावर कडी म्हणजे, आधी लाकडावर कासवाची पाठ चढवली आणि मग त्या कासवाच्या पाठीला रंगवून लाकडासारखं दाखवलं! हाच प्लिनी सांगतो, की सिसेरोनं सिट्रस नावाच्या आफ्रिकन लाकडाचं एक टेबल पाच लाख सेस्टर्सना घेतलं होतं. सामान्य शिपायाला वर्षाला साधारण नऊशे सेस्टर्स मिळत त्या काळातली ही गोष्ट. मला गंमत अशी वाटते, की पाच लाखांचं टेबल घेणाऱ्यावर जेवढा राग यायला हवा, जवळजवळ तेवढाच राग पातळ काप लावणाऱ्यावर निघतो.

हा राग पुढे अठराशे वर्षं टिकला. डिकन्सच्या १८६४-६५ च्या 'अवर म्युच्युअल फ्रेंड' कादंबरीत एक नवश्रीमंत कुटुंब आहे, त्याचं आडनावच 'व्हेनिअरिंग'. व्हेनिअर म्हणजे लाकडाचा तो पातळ काप. त्यांच्या घरात सगळं कोरं करकरीत, सगळ्याला ताज्या पॉलिशचा वास. आडनावातच निकाल देऊन टाकला! आपल्याकडेही शब्द बघा : 'मुलामा' म्हटलं की खोटेपणा आलाच. 'वरून कीर्तन, आतून तमाशा' ही म्हण तर तुम्हाला पाठ आहे.

पण याच आपल्या भाषेत, याच घरात दुसरी एक परंपरा होती, तिला कुणी खोटेपणा म्हटलं नाही. जमीन शेणानं सारवणं. भिंतीला चुन्याची सफेदी देणं. पितळेच्या भांड्याला कल्हई. हे सगळे वरचेच थर. ते झिजतात, पुन्हा लावायचे असतात, आणि लावणारीला कुणी 'आतली माती लपवलीस' असं म्हणत नाही. उलट सारवलेलं नसलं तर नावं ठेवतात. तेव्हा वरचा थर म्हणजे ढोंग की निगा, हे थर कुणी लावला आणि कशासाठी लावला यावर ठरत आलं आहे. आपल्या शीटची जात या दोन्हींपैकी कुठली, ते बघायचं आहे.

आता व्हेनिसला जाऊ. अठराव्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांना चीन-जपानच्या लाखकामाचं वेड लागलं होतं. काळं किंवा लाल झगझगीत कपाट, त्यावर सोनेरी पूल, पक्षी, छत्री घेतलेली माणसं. जहाजानं येणारा खरा माल अफाट महाग. मग व्हेनिसच्या कारागिरांनी नक्कल सुरू केली. हातानं चित्रं काढून वर रोगणाचे थर. तेही महागच पडायचं, कारण चित्रकाराची मजुरी. तेव्हा कुणीतरी चित्रकारालाच कात्री लावली. व्हेनिसजवळ बास्सानो नावाचं गाव आहे, तिथे रेमोंदिनी घराण्याचा मोठा छापखाना होता. ते असे कागद छापायचे, ज्यावर नुसत्या छोट्या छोट्या आकृत्या : शिकारी, कुत्रे, फुलं, पगडीवाले, चिनी माणसं. कागद आणायचा, रंगवायचा, आकृत्या कातरायच्या, रंग दिलेल्या कपाटावर गोंदानं चिकटवायच्या आणि वर रोगणाचे थरावर थर द्यायचे, इतके की कागदाची कड बोटाला लागू नये. या कामाला पुढे 'लाक्का पोव्हेरा' म्हणजे गरिबाचं लाखकाम असं नाव पडलं.

माझ्या दृष्टीनं आपल्या शीटची खरी आजी ही आहे. इथे छापील कागद फर्निचरवर आला. म्हणजे वरचा थर लाकडाच्या, दगडाच्या दुर्मिळतेवर अवलंबून राहिला नाही. तो छापखान्यावर अवलंबून राहिला, आणि छापखाना हवे तेवढे कागद देऊ शकतो. शिवाय हे काम घरी बसून करता येत होतं. फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये उच्चकुलीन बायकांनी कातरकामाचा हा छंद उचलला. गरिबाचं नाव असलं तरी गरिबाच्या घरी ते गेलं नाही, हे खरं. आणि आज व्हेनिसच्या त्या गरीब लाखेच्या कपाटांना लिलावात भक्कम किमती येतात. आपली मार्बल शीट दोनशे वर्षांनी लिलावात येईल का, याची मला खात्री नाही.

एकोणिसाव्या शतकातून मी जरा भराभर जाते. जवसाचं तेल चोपडलेलं कापड, म्हणजे आपलं मेणकापड, टेबलावर आणि फळ्यांवर आलं. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजानं त्याच जवसाच्या तेलापासून १८६० च्या दशकात लिनोलियम काढलं, ते जमिनीवर गेलं. विसाव्या शतकात रेक्झिन आलं. ते मँचेस्टरजवळच्या एका कारखान्याच्या नकली चामड्याचं नाव होतं, आपल्याकडे ते सगळ्याच नकली चामड्याचं नाव झालं. मेणकापड सोपं होतं, पसरायचं आणि काढायचं, पण ते टेबलाचा भाग कधीच झालं नाही. खालून लोंबतंच.

टेबलाचा भाग झालं ते सनमायका. इथे थोडं थांबू. अमेरिकेत वेस्टिंगहाऊस कंपनीत काम करणारे दोन तरुण इंजिनियर, हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओकॉनर, यांनी १९१३ साली सिनसिनाटीत स्वतःचा धंदा काढला. विजेच्या यंत्रांत निरोधक म्हणून अभ्रक वापरत, आणि ते महाग होतं. त्यांनी राळ पाजलेले थर दाबून एक कडक पत्रा केला, जो अभ्रकाच्या जागी चालेल. इंग्रजीत 'मायकाऐवजी' म्हणजे 'फॉर मायका', म्हणून नाव फॉर्मायका. फर्निचरशी त्याचा संबंधच नव्हता! पुढे वरच्या थरात नक्षी छापलेला कागद घालायची युक्ती आली, १९३८ च्या सुमारास मेलामाइनची पारदर्शक राळ आली, आणि चहाचा गरम कप सोसणारं, पुसता येणारं टेबल तयार झालं. आपल्याकडे 'सनमायका' या एका कंपनीच्या नावानं ही सगळी जात ओळखली जाते. पण आत काय आहे? कागद. खाली जाड तपकिरी कागदाचे थर, वर छापील कागद. आपण ज्याला लाकूडकाम समजतो त्याचा वरचा मिलिमीटरभर भाग छापखान्यातून आलेला आहे.

आणि नावाची गंमत बघा, मायकात मायका नाही. रिक्षाच्या मागे 'आईचा आशीर्वाद' ज्या चकचकीत स्टिकरनं कापून लावलेलं असतं, त्याला आपण 'रेडियम' म्हणतो, त्यात रेडियम नाही. मार्बल शीटमध्ये मार्बल नाही. या धंद्यात नाव नेहमी जुन्या महागड्या वस्तूचं घ्यायचं, ही प्लिनीच्या काळापासूनची रीत.

पण सनमायकाला सुतार लागतो. आधी प्राण्यांच्या हाडा-चामड्यापासून केलेला सरस लागायचा, तापवून, वास सोसत. १९५९ साली फेविकॉल आलं आणि सुतारांची त्या वासातून सुटका झाली, तरी मापात कापणं, कानस मारणं, वर वजन ठेवून रात्रभर दाबणं हे राहिलंच. आणि मुख्य म्हणजे एकदा लावलं की लावलं. काढायचं तर खालच्या प्लायचे टवके निघतात. म्हणजे सनमायका लावण्याचा निर्णय घरमालकाचा, पैसे देणाऱ्याचा. भाडेकरूचा नाही.

म्हणून आता गोंदाकडे वळायला हवं. लावता येईल आणि काढताही येईल असा गोंद. ऐकायला साधं वाटतं, पण हजारो वर्षं माणसाला चांगला गोंद म्हणजे कधीच न सुटणारा गोंद एवढंच ठाऊक होतं.

१९२० च्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारींची फॅशन होती. सेंट पॉल शहरात थ्रीएम नावाची कंपनी तेव्हा फक्त सँडपेपर वगैरे करायची. तिचा एक तरुण माणूस, रिचर्ड ड्र्यू, सँडपेपरचे नमुने घेऊन मोटार रंगवण्याच्या एका गॅरेजमध्ये गेला, तर तिथे रंगारी शिव्या देत होते. दुसरा रंग देताना पहिला झाकायला कागद चिकटवायचा, आणि कागद काढला की खालचा ताजा रंगही सोलून यायचा. ड्र्यूनं खटपट करून १९२५ साली सुरकुतलेल्या कागदाची पट्टी केली : दाबली की बसते, ओढली की निघते, खालच्या रंगाला धक्का नाही. आजही रंगारी हीच मास्किंग टेप वापरतात. पुढे १९३० साली त्यानंच पारदर्शक सेलोफेनची टेप केली. नेमकी महामंदी सुरू झाली होती. लोकांकडे नवं घ्यायला पैसे नव्हते. फाटकी पुस्तकं, मोडकी खेळणी, सगळं या टेपनं जोडलं जाऊ लागलं. वाईट काळात खपणारा माल असतो, त्यातला हा एक.

हा गोंद चालतो कसा, ते दोन वाक्यांत सांगते, कारण पुढे ओट्याशी त्याचा संबंध आहे. हा गोंद वाळत नाही. तो कायम अर्धा द्रव, अर्धा घन असतो. सावकाश दाबलं तर मधासारखा पसरून पृष्ठभागाच्या बारीक खाचांत शिरतो. एकदम ओढलं तर रबरासारखा ताणून धरतो. त्यामुळे लावताना फडक्यानं घासून दाबायचं, आणि काढताना सावकाश, थोडी ऊब देऊन. तुम्ही जे घरी अनुभवानं करता त्याचं शास्त्र एवढंच आहे.

दुसरा माणूस स्टँटन एव्हरी, लॉस एंजेलिस, १९३५. मंदी चालूच. ज्या मुलीशी लग्न ठरलं होतं, तिच्याकडून, म्हणजे डोरोथी डर्फीकडून, त्यानं शंभर डॉलर उसने घेतले. वॉशिंग मशीनची मोटर, शिलाई मशीनचे भाग, एक छोटी करवत, यांची मोट बांधून त्यानं एक यंत्र केलं. त्यातून निघाली मागच्या कागदावर बसलेली, आधीच कापलेली, चिकट पाठीची लेबलं. दुकानदारांना किमतीच्या चिठ्ठ्या लावायला. चाटायचं नाही, पाणी लावायचं नाही. सोला आणि लावा. आज आपण 'पील अँड स्टिक' म्हणतो ते हेच.

तिसरा माणूस मला सगळ्यात आवडतो, कारण तो गोंद शोधायला निघाला आणि कागद घेऊन परत आला. वॉल्डो सेमन, ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीत रसायनशास्त्रज्ञ. काम दिलं होतं धातूला रबर चिकटेल असं काहीतरी शोधायचं. १९२६ साली त्यानं पीव्हीसी नावाचं एक निरुपयोगी समजलं जाणारं प्लास्टिक घेतलं. ते १८७२ पासून माहीत होतं, पण कडक, ठिसूळ, कुणाच्या कामाचं नाही. सेमननं ते एका उकळत्या द्रावकात तापवलं, तर थंड झाल्यावर हाताला लवचिक, पाणी न पिणारं काहीतरी लागलं. धातूला ते चिकटलं नाहीच. पण पुढे त्यातून पावसाळी कोट, पडदे आले, वायरींची आवरणं आली, आणि तीसेक वर्षांनी त्याच्या पाठीला ड्र्यू-एव्हरीच्या जातीचा गोंद लागला.

मध्ये एकच अडचण उरली होती : तो मागचा कागद. लेबल बोटभर असतं. फर्निचरचा कागद हातभर रुंद आणि कित्येक मीटर लांब. एवढा चिकट कागद गुंडाळून ठेवला तर तो स्वतःलाच चिकटून लगदा होणार. १९५० च्या दशकात सिलिकोनचा अतिपातळ लेप दिलेले कागद आले, ज्यांना गोंद नीट धरत नाही, आणि मग गुंडाळी शक्य झाली. आपण जो कागद सोलून चोळामोळा करून टाकतो, माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वात हुशार भाग तो आहे. त्यावर पाठीमागे सेंटिमीटरच्या चौकटी छापण्याची युक्ती ज्यानं काढली त्याला तर घरोघरच्या बायकांनी ओवाळायला हवं होतं. कात्री, पट्टी, फडकं. बस. सुतार नाही, करवत नाही, तापवायचा सरस नाही.

१९५० च्या दशकात हा माल बाजारात आला. अमेरिकेत 'कॉन-टॅक्ट', ब्रिटनमध्ये 'फॅब्लॉन', जर्मनीत १९५८ पासून 'डी-सी-फिक्स'. काळ बघा. युद्ध संपलेलं, युरोपात घरं पडलेली, ब्रिटनमध्ये फर्निचरवर १९५२ पर्यंत सरकारी नियंत्रण होतं. ठरवून दिलेल्या साध्या नमुन्यांचंच फर्निचर बनायचं. आजीचं कपाट आहे, भक्कम आहे, पण काळवंडलेलं. नवं घ्यायचे पैसे नाहीत. दुपारी मुलं शाळेत गेल्यावर बाईनं दोन मीटर कागद आणून दारं बदलून टाकली. नवऱ्याला विचारायची गरज नाही, कारण ड्रिल मशीन त्याचं असतं, कात्री हिची. मी हे विनोदानं म्हणत नाही. घरातल्या लाकूडकामाची हत्यारं कुणाच्या हातात, यावर घरात कोण काय बदलू शकतं हे ठरत होतं.

बीबीसीवर १९५८ पासून 'ब्लू पीटर' हा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात खोक्यांपासून खेळणी, पेन ठेवायचे डबे वगैरे करून दाखवत आणि त्यावर फॅब्लॉन लावत. पण बीबीसीवर कंपनीचं नाव घ्यायला बंदी! म्हणून ते म्हणायचे 'पाठीला चिकट असलेलं प्लास्टिक'. हा सरकारी थाटाचा शब्दप्रयोग ब्रिटनमध्ये इतका रुजला की दोन पिढ्यांना तो पाठ आहे.

त्याच सुमाराला, त्याच बीबीसीवर बॅरी बकनेल नावाचे गृहस्थ घरदुरुस्ती शिकवत. ते जुन्या नक्षीदार दारांवर सपाट हार्डबोर्ड ठोकायला सांगत, म्हणजे धूळ बसणार नाही, आधुनिक दिसेल. हजारो लोकांनी ठोकलं. पुढच्या पिढीनं खिळे उपटून तेच हार्डबोर्ड काढलं आणि बकनेलना शिव्या घातल्या. खिळ्यांची भोकं राहिलीच. शीट आणि हार्डबोर्ड यांतला फरक हाच, की एकानं निर्णय मागे घेता येतो.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीच्या आतला जो काही पृष्ठभाग होता, फळ्या, मोरीची कड, टेबल, तो भाडेकरूनंच राखायचा. फळीवर वर्तमानपत्र, त्यावर कातरून केलेली झालर, डब्यांखाली मेणकापड, दिवाळीत सफेदी. वरचा थर बदलणं ही तिथे हौस नव्हती, तेवढंच हातात होतं. बिऱ्हाड मात्र पिढ्यान् पिढ्या तिथेच असायचं, त्यामुळे काढता येण्याची चिंता नव्हती.

आजचा भाडेकरू वेगळा आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. १९९९ च्या महाराष्ट्र कायद्यानुसार त्याची नोंदणी करावीच लागते, तरीही अकराचा आकडा आपण सोडलेला नाही, सवय झाली. पुण्यात, ठाण्यात, नवी मुंबईत दर वर्ष-दोन वर्षांनी सामान उचलणारी लाखो माणसं. करारात लिहिलेलं असतं, की खिळा मारायचा नाही, भिंत रंगवायची नाही, जागा आहे तशी परत करायची, नाहीतर डिपॉझिटमधून कापू. ओटा कुणाचा? मालकाचा. कडप्प्याचा, कडा उडालेल्या, आधीच्या चार बिऱ्हाडांची हळद प्यायलेला. त्यावर रोज हात फिरवणारी कोण? भाडेकरीण. आणि मग ऑनलाइन मागवलेली ती गुंडाळी येते. चार-पाचशे रुपयांत ओटा पांढरा दिसतो. जाताना काढून टाकायची. कराराच्या कुठल्याच कलमाला धक्का नाही.

इथे माझं मत सरळ सांगते. यावर 'नकली संगमरवर, काय ही अभिरुची' म्हणून नाक मुरडणाऱ्यांची मला चीड येते. खऱ्या संगमरवराचा पर्याय त्या बाईपुढे कधी नव्हताच. तिच्यापुढे पर्याय होता कळकट कडप्पा, दुसऱ्याच्या मालकीचा.

पण दुसरी बाजू लपवणार नाही. हीच शीट मालकाच्या हातात गेली की काम बदलतं. सिंकखालच्या कपाटाचं पार्टिकल बोर्ड पाण्यानं फुगलंय, मागे ओल आहे, तर बदलण्याऐवजी वर चकचकीत शीट मारायची, फोटो काढायचे आणि भाडं वाढवून सांगायचं. आतली ओल आतच कोंडते, बुरशी वाढते. तिथे प्लिनीबाबा बरोबर होते. शिवाय ही वस्तू पीव्हीसीची. तिला मऊ ठेवायला जी रसायनं घालतात त्यांपैकी चार थॅलेट्सवर युरोपीय संघानं जुलै २०२० पासून कडक मर्यादा घातली आहे. आणि काढलेली शीट, गोंद आणि सिलिकोनचा कागद, यातलं काहीच भंगारवाला घेत नाही. आजीचं कपाट वाचवलं म्हणून आनंद मानायचा, तर दर दोन वर्षांनी जो कचरा होतो त्याचा हिशेबही मांडायला हवा. लाक्का पोव्हेरा निदान कागद आणि राळेचा होता.

वेळ संपत आलीये, प्रश्न घेऊ.

प्रश्न : मॅडम, इतिहास ठीक आहे, पण ओट्यावर लावली तर टिकते का?

उत्तर : (हशा) याच प्रश्नाची वाट बघत होते. सपाट आणि कोरड्या जागी टिकते. कडप्प्यावर तेलाचा अंश राहिला तर गोंद दगडाला लागतच नाही, तेलाला लागतो. म्हणून आधी भांड्याच्या साबणानं दोनदा धुऊन, एक दिवस पूर्ण वाळू द्या. शेगडीच्या खाली आणि जवळ लावू नका. हे प्लास्टिक उकळत्या पाण्याच्या तापमानाआधीच मऊ पडतं, कढई टेकवलीत तर आकसून डाग पडणारच. सिंकच्या कडेला पाणी आत शिरतं, तिथे कड सिलिकोन सीलंटनं बंद करायची किंवा तो भाग सोडून द्यायचा. आणि थेट शीटवर भाजी चिरू नका.

प्रश्न : जुनं खरं सागवानी कपाट असेल तर त्यावर लावावी का?

उत्तर : आधी आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा कोपऱ्यात तळहाताएवढा तुकडा लावून आठवडाभर ठेवा. काढल्यावर पॉलिश निघून आलं, तर लावू नका. ड्र्यूच्या गॅरेजमधल्या रंगाऱ्यांचीच ती तक्रार आहे. सागवानाला बहुतेक वेळा नुसतं घासून नवं पॉलिश पुरतं. प्लायवूडच्या, सनमायका उडालेल्या कपाटाला मात्र खुशाल लावा.

प्रश्न : घर सोडताना काढली आणि चिकटा राहिला तर? डिपॉझिट जाईल.

उत्तर : हेअर ड्रायरनं कोपरा कोमट करा, शीट स्वतःवरच दुमडून, जमिनीला समांतर, अगदी सावकाश ओढा. घाईनं वर ओढलीत की प्लास्टिक येतं आणि गोंद मागे राहतो. राहिलाच, तर खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवा, मग साबणाचं पाणी. आणि लावण्याआधी ओट्याचा तारखेसकट एक फोटो काढून ठेवा.